भीमाशंकरच्या पायवाटेवर बंदीचा बोर्ड नको, माणूस द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की दरवर्षी पेपरात त्याच बातम्या सुरू होतात. अमुक धबधबा बंद, तमुक धरणावर जायला मनाई, ह्या किल्ल्यावर जमावबंदी, आणि मग येणाऱ्या रविवारी नेमकी तिथंच झालेली गर्दी आणि कुणीतरी वाहून गेल्याची बातमी. ह्या सगळ्यात कधी घाटवाटा पण बंद केल्याचं येतं, आणि त्यात पायथ्याच्या खांडस गावावरून भीमाशंकरला चढणारी वाट सुद्धा असते. मला ह्या एका वाटेबद्दलच लिहायचंय, कारण ती पिकनिकची जागा नाही, ती देवाची वाट आहे, आणि गाडीरस्ता वर पोचायच्या कितीतरी आधीपासून कोकणातली माणसं ह्याच वाटेनं महादेवाला जात आलेली आहेत.

आम्ही शाळेपासूनचे मित्र, दर श्रावणात पायी भीमाशंकरला जातो. कुणी रिक्षा चालवतो, कुणी बँकेत आहे, एकाचं किराणा मालाचं दुकान आहे, एरवी महिनोनमहिने भेट होत नाही पण श्रावणाचा सोमवार धरून कुणी चुकवत नाही. पहिली लोकल पकडून कर्जत, तिथून कशेळेमार्गे खांडस, आणि मग पाय. समोर सह्याद्रीची भिंत अख्खी ढगात असते, खाली भाताची लावणी नुकतीच संपलेली असते, आणि बांधावरून जाताना शेतातली माणसं हात वर करून हर हर महादेव म्हणतात तेव्हा आपण कुठं निघालोय ते कुणाला सांगावं लागत नाही.

ज्यांना ही वाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. खांडस सोडलं की वाट फुटते. एक जाते शिडीघाटानं आणि दुसरी गणेश घाटानं. गणेश घाट लांबचा, वळसे घेत जाणारा, वाटेत गणपतीचं छोटं देऊळ लागतं, म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना आणि पहिल्यांदा येणाऱ्यांना हाच बरा. शिडीघाट जवळचा पण सरळ कड्याला भिडणारा, कातळाच्या खाचांमध्ये लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, आणि पावसात त्या शिड्यांवरूनच पाणी पडत असतं. शिडीपेक्षा तिच्या पुढचा आडवा टप्पा जास्त बेकार, तिथं एका बाजूला ओला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी, हाताला धरायला जे मिळेल ते, पाय ठेवायला टीचभर जागा. बाजूला पदरगडाचे सुळके ढगातून डोकावत असतात. दोन्ही वाटा वर पदरवाडीच्या सपाटीला येऊन मिळतात, तिथं विहीर आहे, दोन घोट चहा मिळतो, आणि तिथून शेवटची जंगलातली चढण, जी संपता संपत नाही. मग एकदम धुक्यातून घंटेचा आवाज येतो.

त्या क्षणासाठी आम्ही जातो साहेब. अंगावरचा कोरडा धागा संपलेला असतो, उपासाला खाल्लेला राजगिऱ्याचा लाडू केव्हाच जिरलेला असतो, आणि पिंडीवर बेल वाहताना खांडसपासून जपून आणलेली ती पानं पण आपल्याइतकीच भिजलेली असतात. ह्याच डोंगरात भीमा उगम पावते, पुढं पंढरपूरला तीच चंद्रभागा होते आणि खाली कर्नाटकात कृष्णेला मिळते. आषाढीला वारी करून आलेले आमच्यातले दोघं दरवेळी इथलं पाणी डोक्याला लावतात. देवळाचं शिखर नाना फडणवीसांनी बांधवलं, आणि तिथं जी मोठी पोर्तुगीज घंटा आहे ती १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या घंटांपैकी. कोकणातून वर भीमाशंकरला येणारी वाट ही अशी जुनी आहे, आणि तिला उगाच आजच्या ट्रेकिंगच्या यादीतलं एक ठिकाण करून टाकलंय ह्याचं मला वाईट वाटतं.

आता गर्दीबद्दल. गर्दी वाढलीय हे खरं आहे. रील बघून येणारे आहेत, पन्नास पन्नास जणांचे ग्रुप घेऊन येणारे ट्रेकवाले आहेत. पण मी त्या पोरांना नावं ठेवणार नाही. त्यातल्या कितीतरी पोरापोरींना वर गाभाऱ्यासमोर डोळे मिटून उभं राहिलेलं मी बघितलंय. भक्ती काय फक्त धोतर नेसून येणाऱ्याचीच असते असं थोडीच आहे. प्रश्न असा आहे की ह्या पोरांना कुणी सांगायलाच नसतं. वाट जिथं फुटते तिथं उभं राहून कुणी एवढंच विचारलं असतं की बाळांनो आधी कधी आलाय का, बूट कसले आहेत, किती वाजता निघालात, तर निम्मी संकटं तिथंच टळली असती.

एका श्रावणात आम्ही शिड्यांच्या खाली अडकलो होतो. वरून उतरणारे आणि खालून चढणारे दोघंही एकाच शिडीवर, मधे एक आजी, त्यांना ना वर जाता येईना ना मागं फिरता येईना, आणि पाऊस असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं. कुणी ओरडतंय, कुणी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शूटिंग करतंय. तेवढ्यात पदरवाडीचा एक तरुण वरून दोर घेऊन आला. विशीतला असेल, पायात साध्या प्लास्टिकच्या चपला. त्यानं पहिल्यांदा सगळ्यांना गप्प केलं, मग म्हणाला, आधी वरचे उतरू द्या, खालचे कुणी हलू नका. आजींच्या कमरेला दोर बांधला, स्वतः त्यांच्या खाली दोन पायऱ्या उभा राहिला आणि एकेक पाय हातानं धरून पायरीवर ठेवत त्यांना खाली आणलं. मग बाकीचे. तास दीड तास तो पोरगा तिथून हलला नाही. पैसे द्यायला गेलो तर घेईना, चहा घेतला फक्त.

चहा पिताना तो जे बोलला ते मला प्रत्येक बोर्डवर लिहावंसं वाटतं. म्हणाला, दादा ओढ्याचं पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक, पण ते गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, की मग एक मिनिट पण थांबायचं नाही, असाल त्या काठावर वर चढायचं. वर कड्यावर कोसळलेला पाऊस दिसत नाही, इथं ऊन पण असेल, पण पाणी येतंच. हे अगदी खरं आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, कडे उभे, माती पातळ, पाणी मुरायला जागाच नाही, मग ते सगळं काही मिनिटांत एकदम खाली येतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, माणसं एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी वाढतच गेलं. त्याच्या आठवड्याभरात, ७ जुलैला, रायगडाच्या पायऱ्यांवरून लोंढा आला आणि लोक कठड्याला धरून उभे राहिले. हे बघून सरकारला बंदी घालावीशी वाटते ह्यात चूक काही नाही, माझ्या घरचे पण मला दरवेळी जाऊ नको म्हणतातच.

आणि दरडीचं तर बोलायलाच नको. भीमाशंकरच्या ह्याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशेच्या वर माणसं दरडीखाली गाडली गेली. आमच्या बाजूला खालापूरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली, तिथं गाडी जात नाही, मशीन नेता आली नाही, चिखलातून चालत वर जाऊन हातानं उकरावं लागलं, सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसं बेपत्ता म्हणून जाहीर झाली. अशा रात्री वर पोचायला वाट माहीत असलेली माणसंच लागतात. इर्शाळवाडीतून मी तरी हेच शिकलोय की डोंगरात यंत्रणा म्हणजे पहिल्यांदा वाट ओळखणारा माणूस, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. रेड अलर्ट असेल त्या दिवशी वाट बंद करा, नक्की करा, आम्ही पण त्या दिवशी निघत नाही, देव काही पळून जात नाही. पण पावसाळाभर सरसकट बंदी घालून काय होतं तर जे नियम पाळणारे आहेत ते, म्हणजे गावकरी, वयस्कर भक्त, बायका, हे येत नाहीत, आणि ज्यांना पाळायचाच नाही ते पहाटे अंधारात लपून चढतात. लपून चढणारा रस्ता विचारत नाही, कुठं नाव सांगत नाही, आणि अडकला तर मदत मागायला पण घाबरतो कारण गुन्हा दाखल होईल. बंदीमुळं वाट मोकळी होत नाही, फक्त तिच्यावरची जाणती माणसं कमी होतात. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

त्यात आणखी एक घोळ आहे जो वरवर बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ही वाट सुरू होते रायगड जिल्ह्यात आणि संपते पुणे जिल्ह्यात. आदेश दोन जिल्ह्यांचे वेगवेगळे, हवामान खात्याचा इशारा पण वेगवेगळा. खांडसला उभा असलेला माणूस मोबाईलवर रायगडचा अलर्ट बघतो, पण त्याच्या डोक्यावरचा डोंगर पुण्याच्या घाटमाथ्यात मोडतो आणि घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. खाली यलो आणि वर रेड असं होऊ शकतं. ओढ्यात जे पाणी येणार ते वरच्या रेडचं येणार ना. मग खांडसमध्ये दोन्ही इशारे रोज सकाळी एका फळ्यावर खडूनं लिहून ठेवायला किती खर्च येतो? एक फळा आणि एक खडू. मराठीत, मोठ्या अक्षरात, घाटमाथ्यावर आज काय, खाली काय, गणेश घाट चालू का बंद, शिडीघाट चालू का बंद.

वरच्या बाजूला, म्हणजे गाडीनं येणाऱ्यांसाठी, श्रावणात चांगली व्यवस्था असते हे मान्य करायला पाहिजे. मंचर घोडेगावकडून येणाऱ्या गाड्या अलीकडेच थांबवतात, निगडाळ्याच्या पार्किंगपासून एसटीच्या मिनीबस सोडतात, पोलीस असतात, दर्शनाच्या रांगा असतात. पण ह्या सगळ्या नियोजनात कोकणातून पायी चढून येणारा माणूस धरलेलाच दिसत नाही. तो जणू कुठून आला ते कुणालाच माहीत नाही, एकदम धुक्यातून रांगेत उगवतो. किती जण खालून निघाले, किती पोचले, किती परत उतरले, ह्याची कुठं नोंद नाही, म्हणजे रात्री एखादा वर नाही आणि खाली पण नाही असं झालं तर त्याच्या घरच्यांनी विचारायचं तरी कुणाला.

पदरवाडीतले आणि खांडसमधले तरुण श्रावणातल्या शनिवार रविवार सोमवार ह्या तीन दिवसांसाठी घ्या. मानधन द्या, ओळखपत्र द्या, दोर द्या, विमा काढा. विम्याचं मी मुद्दाम लिहितोय कारण दुसऱ्याला वाचवताना तो पोरगाच घसरला तर त्याच्या घरचं कोण बघणार. दोघं जण वाट फुटते तिथं, दोघं शिड्यांपाशी, दोघं पदरवाडीच्या सपाटीवर. डोंगरात मोबाईलला रेंज नसते तर त्यांच्यात वॉकीटॉकी असावी. फुटीपाशी वहीत नाव, गाव, किती जण, किती वाजता एवढं लिहून घ्यायचं. पहिल्यांदा येणारे, लहान मुलं, वयस्कर, सगळे गणेश घाटानं. शिडीघाट जोराच्या पावसात बंद, आणि चालू असेल तेव्हा फक्त चढायला, उतरायला कुणीच नाही, म्हणजे शिडीवर समोरासमोर येण्याचा प्रश्नच मिटला. सकाळी अकरानंतर खालून कुणाला सोडायचं नाही, कारण दुपारी धुकं उतरलं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. शिड्यांचे नटबोल्ट मे महिन्यात तपासायचे, जुलैत अपघात झाल्यावर नाही. आणि मोठे ग्रुप आणणाऱ्या ट्रेकवाल्यांना आधी नोंदणी आणि दर दहा माणसांमागे एक स्थानिक वाटाड्या घेणं सक्तीचं करा, ते प्रत्येकाकडून पैसे घेतातच, त्यातला वाटा ज्यांच्या दारातून वाट जाते त्यांना मिळायलाच पाहिजे.

एसटीबद्दल पण लिहितो, लोकांना हा वेगळा विषय वाटेल पण नाहीये. उतरताना जे पडतात त्यातले कितीतरी जण घाईत असतात, आणि घाई असते शेवटच्या गाडीची. गाडी चुकली तर खांडसवरून कर्जतला जायचं कसं, मग खासगी गाडीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो, म्हणून माणूस निसरड्या कातळावरून पळत उतरतो. श्रावणातल्या रविवारी सोमवारी संध्याकाळी उशिरापर्यंत खांडस कर्जत दोन जादा गाड्या सोडल्या तर किती पाय वाचतील. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होण्यासारखा उपाय आहे.

काही जण म्हणतात सिमेंटच्या पायऱ्याच करून टाका वरपर्यंत, रेलिंग लावा. माझा ह्याला पूर्ण विरोध आहे. हे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे, शेकरूचं, आपल्या राज्यप्राण्याचं घर आहे, आणि त्याच्याही आधीपासून ते देवाच्या नावानं राखलेलं आहे, देवराईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असं मानणाऱ्या माणसांनी ते राखलंय. तिथं सिमेंट, खडी, जेसीबी गेला तर उतार मोकळा होणार आणि दरड पडायला आपणच आमंत्रण देणार. वाट आहे तशीच मातीची दगडाची राहू द्या.

तेच प्लास्टिकचं. आता सगळीकडं ते पातळ प्लास्टिकचे रेनकोट विकायला असतात, एकदा अंगात घातला की काट्यात अडकून फाटतो, फाटला की तिथंच टाकून माणूस पुढं. पदरवाडीच्या वर झाडाझुडपांवर निळे पिवळे चिंध्यांसारखे लटकलेले असतात, गुरं खातात. १ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली त्या यादीत स्ट्रॉ आहे, ग्लास आहे, कानकोरणीची काडी आहे, पण हा रेनकोट नाही. राज्यानं तरी तो निदान अभयारण्यात आणि तीर्थक्षेत्री बंद करावा. फुटीपाशी माणूस असेल तर तिथंच रेनकोटमागं, बाटलीमागं पन्नास रुपये अनामत घ्या, परत आणून दाखवली की पैसे परत. आमच्या ग्रुपमधला किराणावाला मित्र दरवर्षी उतरताना पोतं भरून आणतो, पण एका पोत्यानं काय होणार आहे.

पैसे कुठून येणार असं कुणी विचारेल. श्रावणातल्या चार पाच आठवड्यांचे तीन तीन दिवस आणि सात आठ तरुणांचं मानधन, हा खर्च दोन जिल्ह्यांच्या पर्यटन निधीला जड नाही. प्रत्येक चढणाऱ्याकडून वीस रुपये घेतले तरी कुणी कुरकुर करणार नाही, आम्ही तरी नाही करणार, फक्त त्याची पावती मिळावी आणि ते पैसे त्या वाडीतच राहावेत.

दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, वनविभाग, एसटी आणि दोन्हीकडच्या ग्रामपंचायती ह्यांनी श्रावण लागायच्या आधी एकदा एकत्र बसावं आणि त्या बैठकीला पदरवाडीची चार माणसं बोलवावीत, एवढी विनंती आपल्या पेपरातून त्यांच्यापर्यंत पोचवावी. आमचे मित्र आणि त्यांच्या ओळखीचे असे बरेच जण श्रावणातले सोमवार आलटून पालटून फुटीपाशी वही घेऊन उभे राहायला, जे स्थानिक तरुण सांगतील ते करायला तयार आहोत, बिनपैशानं. पण स्वतःहून तिथं टेबल मांडून बसलो तर तो आम्हाला अधिकार नाही हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा स्वयंसेवकांची नावं कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायची ते संबंधितांनी जाहीर करावं, आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेऊन हजर राहू.

आपला,
दर श्रावणात पायी जाणारा एक वाचक,
बदलापूर